एका रजेचे दोन जमाखर्च

ॲरिझोना राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, कोलोरॅडो नदीच्या अलीकडे वीसेक मैलांवर, क्वार्टझसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे; उन्हाळ्यात तेथे दोन-तीन हजार माणसे तग धरून राहतात, आणि उत्तरेकडील राज्यांत बर्फ पडू लागले की सभोवारच्या वाळवंटात चाकांवरच्या घरांची अशी दाटी होते की दृष्टी पोहोचेल तेथवर पांढरी छपरेच दिसावीत. ही जमीन मध्यवर्ती सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याच्या ताब्यातली. त्या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर सामान्यतः चौदा दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो आणि नंतर तळ हलवावा लागतो. परंतु गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाचा जो पट्टा आहे, तेथे परवान्याची फी भरली म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मुदतीत हंगामभर राहण्याची मुभा असते. गावच्या स्मशानभूमीत हाजी अली नामक उंटवाल्याची पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे. अमेरिकन लष्कराने १८५६ च्या सुमारास वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर हा मनुष्य ऑटोमन मुलखातून आला. उंटांचा प्रयोग पुढे सोडून देण्यात आला, ज्या कामासाठी त्याला बोलावले होते ते काम उरले नाही, आणि तो मात्र येथेच राहून १९०२ साली मरण पावला. परदेशातून कामासाठी बोलावून आणलेल्या माणसाने काम संपल्यावर काय करावे, हा प्रश्न या गावाला असा जुनाच आहे.

गेल्या जानेवारीत या छावणीत माझ्या एका जुन्या स्नेह्यांची गाडी उभी होती. ते आणि त्यांच्या पत्नी मूळचे पुण्याचे. १९९८ साली संगणकाच्या कामासाठी ते एच-१बी परवान्यावर न्यू जर्सीत गेले, एडिसनच्या परिसरात स्थिरावले, यथाकाल दोघेही तेथील नागरिक झाले. आणि मुलगी शिकून नोकरीला लागली त्या उन्हाळ्यात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला, पत्नीने आपल्या प्रयोगशाळेतून बिनपगारी रजा घेतली, घर भाड्याने दिले, आणि तीस फूट लांबीची, पूर्वी वापरलेली, 'क्लास सी' प्रकारची एक आरव्ही, म्हणजे असेच चाकांवरचे घर, खरेदी करून दोघे पश्चिमेकडे निघाले. पत्नीची रजा मार्चअखेर संपणार होती. आता निर्णय असा करावयाचा होता की, त्यांनी एप्रिलमध्ये कामावर रुजू व्हावे, की राजीनाम्याचा कागद पाठवून देऊन उन्हाळ्यात पतीबरोबर अलास्काच्या वाटेला लागावे. मी पाहुणा म्हणून तेथे होतो. दोघांनीही आपापली बाजू माझ्यापुढे, परंतु वस्तुतः एकमेकांना उद्देशून, मांडली, आणि त्यांच्या संमतीनेच मी ती येथे देत आहे. मी दोघांचाही स्नेही आहे. तथापि माझे मत कोणीकडे झुकते ते मी लपवून ठेवणार नाही.

ते : माझी मागणी अवाजवी आहे असे मला अजूनही वाटत नाही. सत्तावीस वर्षे मी या देशात काढली आणि या सत्तावीस वर्षांत हा देश मला दिसला तो कार्यालयाच्या खिडकीतून आणि टर्नपाइकवरच्या मोटारींच्या रांगेतून. १९५६ च्या कायद्याने यांनी देशभर महामार्गांचे जाळे विणायला घेतले, दहा वर्षांनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटीतून विनेबॅगो कंपनीची पहिली मोटरहोम बाहेर पडली, आणि बेताच्या ऐपतीच्या माणसालाही आपले बिऱ्हाड बरोबर घेऊन हा खंडप्राय देश पाहण्याची सोय झाली. हार्वर्डने आपल्या अध्यापकांना १८८० सालीच अशी दीर्घ रजा देऊ केली. आमच्या धंद्यात ती नाही. १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, पण ती आजारपणासाठी, बाळंतपणासाठी, शुश्रूषेसाठी. नुसते डोळे उघडून पाहण्यासाठी रजा हवी असेल तर राजीनामाच द्यावा लागतो. तो मी दिला, आणि देताना माझ्या हाताला कंप सुटला नाही.

त्या : राजीनामा तुम्ही दिलात, त्याबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. तुम्ही थकला होतात, हे माझ्याइतके कोणी पाहिलेले नाही. पण ही रजा मार्चअखेरपर्यंतची ठरली होती. वारीला निघालेला माणूस आषाढी एकादशी कोणत्या दिवशी आहे हे जाणून आळंदीहून पाऊल उचलतो. म्हणून त्याच्या घरची माणसे निर्धास्त असतात आणि तोही वाटेत निर्धास्त असतो. आपली एकादशी तुम्ही पुढे पुढे ढकलता आहात.

ते : ढकलतो आहे, कारण अलास्का हिवाळ्यात करता येत नाही. डॉसन क्रीकपासून डेल्टा जंक्शनपर्यंतचा तो रस्ता १९४२ च्या युद्धकाळात लष्कराने रान तोडून काढला; जून ते ऑगस्ट एवढाच काळ आपल्यासारख्यांनी तेथे जावे. आणि पैशाचाच प्रश्न असेल तर मी तो आंधळेपणाने हाताळलेला नाही. पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर नोकरी सोडली, म्हणून त्या मालकाकडच्या निवृत्तिनिधीतून रक्कम काढताना दहा टक्क्यांचा दंड मला लागत नाही. हीच गोष्ट दोन वर्षे आधी केली असती तर साडेएकोणसाठाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले असते. घराचे भाडे येते, त्यातून गृहकर्जाचा हप्ता आणि घरपट्टी भागते.

त्या : न्यू जर्सीची घरपट्टी सगळ्या देशात जड, ती भागते हे खरेच, पण भागून हातात काही उरत नाही. निधीतल्या रकमेवर दंड नसला तरी आयकर आहे, आणि जी रक्कम आज काढली ती पुढची दहा वर्षे वाढायची होती ती वाढणार नाही. तुम्ही दरसाल चार टक्के काढण्याच्या ज्या नियमाचा आधार घेता, तो बेंगेन यांनी १९९४ साली मांडला तेव्हा तीस वर्षांचा काळ डोळ्यांपुढे ठेवला होता. छप्पन्नाव्या वर्षी उठलेल्या माणसाला तीस वर्षे पुरतील हे कोणी ठरवले? माझी आई सत्त्याऐंशीची आहे. शिवाय पहिल्याच दोन-तीन वर्षांत बाजार पडला आणि पडत्या भावात समभाग विकून गाडीत पेट्रोल भरावे लागले, तर पुढे बाजार कितीही चढला तरी विकलेले परत येत नाहीत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या प्रवासाच्या खर्चाविषयी बाहेरच्या माणसाची अशी समजूत असते की राहणे फुकट, म्हणून जगणे स्वस्त. मी त्यांची रोजकीर्द पाहिली. ती त्या ठेवतात, निळ्या शाईने, तारीखवार. तीस फुटी गाडी गॅलनला आठ ते दहा मैल जाते, म्हणजे दहा हजार मैलांना हजाराहून अधिक गॅलन लागतात, आणि डोंगर चढताना हा हिशेबही टिकत नाही. छपराच्या सांध्यांतले लेपण वेळच्या वेळी तपासले नाही तर पाणी भिंतीत उतरते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून फुगत जाते. तसे त्यांच्या मागच्या खिडकीशी झाले होते. टायरांच्या खाचा शाबूत होत्या, म्हणून त्यांनी ते बदलले नाहीत. परंतु या गाड्या वर्षातून कितीतरी महिने उभ्या असतात, रबर खाचा झिजण्याच्या आधीच वयाने जीर्ण होते, आणि टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांतून त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष वाचून सहा-सात वर्षांनी तो काढून टाकावा लागतो, हे त्यांना न्यू मेक्सिकोत एक टायर फुटून चाकावरचा पत्रा फाटला तेव्हा कळले. प्रोपेन, जनरेटरचे तेल, वीज आणि पाण्याची जोडणी असलेल्या कॅम्पग्राऊंडचे भाडे, सामानाच्या वखारीचे भाडे, कपडे धुण्याची नाणी: प्रत्येक रक्कम जुजबी, आणि महिन्याची बेरीज एडिसनमधल्या संसाराच्या जवळ जाणारी. कर्ज काढून गाडी घेणाऱ्यांची स्थिती तर याहून बिकट, कारण पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीत फेडायच्या कर्जापेक्षा गाडीचे मूल्य कितीतरी झपाट्याने उतरते, आणि विकायला निघावे तो पदरचे पैसे घालून सुटका करून घ्यावी लागते. माझ्या स्नेह्यांनी रोख पैसे मोजले होते, हा त्यांचा विवेक.

ते : खर्च होतो हे मी नाकारीत नाही, तो कमी करण्याची तजवीज मात्र तू ऐकून घेत नाहीस. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज नावाची संस्था आहे, १९७८ साली एका फिरत्या जोडप्यानेच काढलेली. ती आपल्यासारख्यांना टपालाचा कायमचा पत्ता देते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. साउथ डाकोटात तर टपालाचा पत्ता आणि एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की वाहनपरवाना मिळतो. उन्हाळ्यात सरकारी वनखात्याच्या तळावर यजमान म्हणून राहावे, आल्यागेल्याची नोंद घ्यावी, स्वच्छतागृहे साफ ठेवावीत, त्या बदल्यात जागा फुकट.

त्या : कामाची मला लाज नाही. या गाडीतले मैलापाण्याचे टाके कितीदा मीही रिकामे केले आहे. पण पत्ता बदलणे म्हणजे फक्त टपाल बदलणे नव्हे. बाजारातून विमा घ्यायचा तर तो त्या पत्त्याच्या राज्याचा, त्या जिल्ह्याचा. टेक्सासचा पत्ता लिहिला की न्यू जर्सीतली माझी डॉक्टर, जिच्याकडे माझ्या दहा वर्षांच्या तपासण्यांचे दप्तर आहे, ती विम्याच्या यादीबाहेर गेली. तातडीच्या प्रसंगी कोठेही उपचार होतील. दरसालच्या तपासणीला मी कोणत्या वाळवंटात जाऊ? सध्या तुमच्या जुन्या नोकरीचा विमा आपण कोब्राच्या कायद्याने चालू ठेवला आहे. मालकाचा हिस्साही आपणच भरायचा, वर शेकडा दोन कारभारखर्च, आणि तोही अठरा महिनेच. ती मुदत या वर्षाच्या अखेरीस येऊन ठेपते. अलास्काहून परतल्यावर थोड्याच महिन्यांत आपण दोघे विम्यावाचून असू, किंवा ज्याची रक्कम ऐकून तुम्ही झोपणार नाही असा विमा घेऊन असू.

ते : प्रत्येक गोष्टीला तू मुदत लावतेस.

त्या : मुदती मी लावलेल्या नाहीत. त्या कागदांवर आहेत. मी त्या वाचते, एवढेच.

इथवरचे भांडण पैशाचे होते, आणि पैशाच्या भांडणात एक समाधान असे असते की दोघेही एकाच कागदाकडे पाहत असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ज्या विषयावर आले तो मात्र कोणत्याही खतावणीत मांडलेला नव्हता, आणि मला वाटते, त्या घरात तो मोठ्याने बोललाही गेला नव्हता.

निमित्त झाले ते सोशल सिक्युरिटीच्या पत्रकाचे. या देशातले सरकारी निवृत्तिवेतन माणसाच्या आयुष्यातील सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांवरून ठरते. कमाईची वर्षे पस्तीस भरली नाहीत तर उरलेल्या वर्षांच्या जागी शून्ये मांडली जातात. येथेच जन्मून बाविसाव्या वर्षी कामाला लागलेल्या माणसाला हा नियम फारसा जाचत नाही. तिशीच्या सुमारास आलेल्या परक्याला तो पुरता लागू होतो, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात या बाबतीत परस्पर करार नाही, आणि पुण्यात केलेल्या नोकरीची वर्षे येथे जमेस धरली जात नाहीत.

ते : माझी सत्तावीस वर्षे आहेत, म्हणजे शून्ये आठ. आणखी एक वर्ष फिरलो तर त्यातले एक शून्य भरायचे राहील, आणि महिन्याच्या वेतनात पडणारा फरक अगदी थोडा आहे; कारण ते सूत्रच असे आहे की वरच्या कमाईला ते फार कमी मोबदला देते. हा हिशेब मी तीनदा केला.

त्या : तुमचा केलात. माझा केलात का?

ते : तुला माझ्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत पत्नी म्हणून मिळतेच.

त्या : ते मला ठाऊक आहे. मी विचारते आहे ते माझ्या नावाच्या पत्रकाविषयी. १९९८ साली मी आले तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची एम.एस्‌सी. होती आणि पुण्यातल्या औषधांच्या कारखान्यात चार वर्षे केलेले काम होते. एच-४ परवान्यावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नसे. सोशल सिक्युरिटीचा क्रमांकसुद्धा मिळत नसे. त्या बायकांपैकी काहींना तरी काम करू देण्याचा नियम झाला तो २०१५ साली. आपली सुटका त्याआधी झाली, कारण २००७ च्या जुलैत सगळ्यांच्या ग्रीन कार्डाच्या तारखा एकाएकी खुल्या झाल्या, आपण रातोरात कागद गोळा करून अर्ज पाठवला, आणि त्या अर्जाबरोबर मला कामाचा परवाना मिळाला. नऊ वर्षे, अहो. तुम्ही सकाळी निघून जात होतात आणि मी त्या दोन खोल्यांत, नंतर त्या घरात, मुलीला वाढवत, वाचनालयाची पुस्तके वाचत, तुमच्या येण्याची वेळ पाहत होते. ती वर्षे वाईट गेली असे मी म्हणत नाही. पण ती रजा होती. मी न मागितलेली. तुम्ही आज जिच्यासाठी धडपडता आहात, ती विश्रांती मला तिशीतच सक्तीने मिळाली, आणि ती पुरेशी झाली.

ते : हे तू कधी बोलली नाहीस.

त्या : तुम्ही घर घ्यायच्या चिंतेत होतात. नंतर नागरिकत्वाच्या. नंतर मुलीच्या फीच्या. बोलायला निवांत वेळ मिळाला तो या गाडीत, आणि या गाडीत दार नाही. एक बोलला की दुसऱ्याला ऐकावेच लागते. २००८ च्या जानेवारीत मी नगरपालिकेच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. परीक्षानळी हातात घेतली तेव्हा दहा वर्षांनी माझे बोट स्थिर राहील की नाही याची मला भीती वाटत होती. ते राहिले. माझी सतरा-अठरा वर्षे आहेत. तुमच्या सुमारे दोन-तृतीयांश. माझी शून्येही सतरा-अठराच आहेत. ज्या सूत्राने तुमच्या एका वर्षाची किंमत थोडी ठरते, त्याच सूत्राने माझ्या एका वर्षाची अधिक ठरते, कारण माझी कमाई खालच्या पायरीवरची आहे. पण मी तुम्हाला पैशाचे सांगत नाहीये. मला आणखी दहा वर्षे काम करायचे आहे. तुमचे काम करून झाले. माझे चालू आहे.

माझे मत येथे झुकले, आणि ते अद्याप तेथेच आहे. आजवर मी असे समजत होतो की पती आणि पत्नी एकत्र रजेवर निघाली म्हणजे ती एक रजा असते, आणि तिच्या सुखदुःखाचा, लाभहानीचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे. परंतु रजेचे मूल्य तिच्या मागे किती काम आहे आणि पुढे किती उरले आहे यावरून ठरते; आणि ज्या दोघांच्या कामाचा आरंभ दहा वर्षांच्या अंतराने झाला, त्यांना एकाच दिवशी विश्रांतीची गरज वाटावी, ही अपेक्षाच मुळी एकाच्या घड्याळाने दुसऱ्याचा दिवस मोजणारी आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघतो तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींमध्ये मालमत्तेची वाटणी करून देण्याचे बोलतो. मैत्रेयीने जे विचारले ते आपण पिढ्यान्‌पिढ्या गौरवाने सांगत आलो. कात्यायनीने काय विचारले ते तेथे नोंदलेले नाही. तिनेही काही विचारले असेलच, आणि ते घरातल्या धान्याविषयीच असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तथापि त्या ऋषीच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे की, निघण्यापूर्वी वाटणी केली पाहिजे हे त्याला सुचले होते.

माझ्या स्नेह्यांच्या ओढीलाही मी क्षुद्र लेखत नाही. ती खरी आहे. त्यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर काशी, रामेश्वर, बद्रीनाथ करण्याची यादी करून ठेवली होती, आणि निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात ते गेले. ती यादी मुलाने पाहिली आहे. पंच्याहत्तराव्या वर्षी हातात पैसा असेल आणि गुडघे नसतील, हे त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. मोन्टानातल्या ग्लेशियरच्या पहाडात उभे राहून त्या गृहस्थांना रडू आले होते, हे मला त्यांच्या पत्नीनेच सांगितले, आणि सांगताना त्यांच्या स्वरात अभिमान होता.

परंतु त्याच ग्लेशियरची दुसरीही बाजू निघाली.

त्या : लोगन खिंडीवरून जाणारा तो रस्ता आपण आपल्या गाडीने पाहिला नाही, हे या भाऊंना सांगा. एकवीस फुटांहून लांब वाहन वरच्या भागात जाऊ देत नाहीत. शटलच्या रांगेत उभे राहिलो. झायनच्या बोगद्यातूनही मोठ्या गाड्यांना सरळ जाता येत नाही. तो १९३० साली त्या काळच्या मोटारींच्या बेताने कोरलेला. मागे एक लहान मोटार ओढून आणावी असे मी निघतानाच म्हणत होते.

ते : ओढून आणली असती तर पेट्रोल वाढले असते, जोडणीचा खर्च, ब्रेकचा खर्च. काटकसर तुलाच हवी होती.

त्या : काटकसर हवी होती, पण माझ्या मोटारीची नव्हे. ही गाडी तुम्ही चालवता. मी नकाशा धरते. एडिसनमध्ये माझी स्वतःची मोटार होती; मनात आले की मैत्रिणीकडे, मंडळाच्या तालमीला, भाजीला मी जात असे, कोणाला विचारावे लागत नसे. येथे दूध संपले तरी तुम्ही उठेपर्यंत थांबायचे. तुम्हाला हा रस्ता मोकळा वाटतो, आणि तो तुमच्यासाठी आहेच. मी मात्र त्यावर पुन्हा एकदा १९९८ सालासारखी बसले आहे, तुम्ही कधी निघता याची वाट पाहत. आईला फोन करायचा तर पुण्याचे घड्याळ साडेबारा तास पुढे. तिची सकाळ ती आपली संध्याकाळ, आणि नेमक्या त्या वेळी आपण कुठल्यातरी दरीत असतो आणि फोन लागत नाही. माझ्या विद्येचा या गाडीत उपयोग एकच: पंधरा गॅलन पाण्याला पाव कप ब्लीच घालून टाके निर्जंतुक करणे. ते मी आनंदाने करते. पण तेवढेच?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारले त्याने मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर वाढला, कारण स्वतःची बाजू मांडणे त्यांनी थांबवले होते.

ते : तू चालवायला शिकली असतीस तर? ही गाडी. मी शिकवले असते.

त्या : तुम्ही विचारले नाहीत, मी मागितले नाही. दोघांनीही गृहीत धरले. शेजारच्या त्या बाई पाहिल्यात ना? सत्तरीच्या असतील. एकट्या चालवतात. ऑक्टोबरात रेड नदीच्या खोऱ्यात बीटच्या हंगामावर बारा-बारा तास उभे राहून त्या येथे येतात आणि त्या कमाईवर हिवाळा काढतात. काल मला म्हणाल्या, तुम्हाला परत जायला घर आहे, म्हणून तुम्ही सुट्टीवर आहात. त्यांचे घर २००८ नंतर गेले. त्या बाईंच्या शेजारी बसून मी स्वातंत्र्याची भाषा करू शकत नाही. आपल्याला घर आहे, आणि मला नोकरी आहे, जी माझी वाट पाहत आहे. ती मी का सोडू?

अशा माणसांची या छावणीत वाण नाही. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' हा ग्रंथ लिहिला तो त्यांच्याच विषयी, आणि त्यावरून निघालेल्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहणारा आणि घर भाड्याने देऊन गाडीत राहणारा, हे दोघे ला पोसाच्या एकाच पाण्याच्या नळावर बादली धरून उभे असतात. परस्परांशी अत्यंत सौजन्याने वागतात. आणि संध्याकाळी शेकोटीभोवती बसले म्हणजे कोण कोणत्या वर्गातला हे नवख्याला ओळखूही येत नाही. पण त्यांपैकी एकालाच थांबण्याचा अधिकार आहे. माझ्या मते या संपूर्ण उद्योगातले खरे भांडवल तो अधिकारच होय, आणि तो ज्या दांपत्याजवळ आहे त्यांनी तो एकाच्या उत्साहापायी गमावू नये; कारण नोकरी गेली, विमा गेला, पत्ता गेला, आणि गाडीचे मूल्य उतरले, म्हणजे छंद म्हणून सुरू केलेली वाट निरुपायाची होते.

रात्री उशिरा त्यांनी जे ठरवले ते असे. पत्नीने मार्चच्या मध्यावर फिनिक्सहून विमानाने परत जावे, मुलीकडे राहावे, भाडेकरूंचा करार जूनअखेर संपेपर्यंत तेथूनच कामावर जावे. पतीने गाडी घेऊन उत्तरेस निघावे, अलास्का करावे, सप्टेंबरअखेर एडिसनला पोहोचावे. ही तारीख रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर दोघांच्या सहीनिशी लिहावी. उन्हाळ्यात पत्नीने मिळेल ती दोन आठवड्यांची रजा घेऊन अँकरेजला यावे. परतल्यावर गाडी विकावी की ठेवावी याचा निर्णय पत्नीने करावा, आणि ठेवायची झाल्यास तिने ती चालवायला शिकावी. एकत्र जगलेल्या माणसांनी असे लेखी कलम का करावे, असे विचारणारे नातेवाईक पुण्यात आहेत, न्यू जर्सीतही आहेत. मला ते कलम फार सुंदर वाटले.

एक बाब मात्र राहिली होती, आणि ती पतीनेच काढली.

ते : कोब्राची मुदत या वर्षाअखेर संपते म्हणालीस. मी सप्टेंबरात येईन, पण लगेच नोकरी धरीन असे नाही. कदाचित धरणारही नाही. मग माझ्या विम्याचे काय?

त्या : एप्रिलमध्ये मी रुजू झाले की नगरपालिकेचा विमा मला लागू होतो. अर्जात कुटुंबातल्या माणसांची नावे घालता येतात.

ते : कोणत्या रकान्यात?

त्या : आश्रितांच्या.

ते : इतकी वर्षे माझ्या कागदांवर तुझे नाव त्या रकान्यात होते.

त्या : होते.

ते : मग आता माझे घाल. आणि हप्ता किती कापतील तेही विचार; माझ्या खर्चाच्या अंदाजात तो मला धरावा लागेल.

त्या : तुमच्या नाही, माझ्या पगारातून कापतील. पण विचारते, सोमवारी कार्यालय उघडले की पहिला फोन तोच करते.